घरातली पुस्तकं वाचनालयाला देताना: गोणी भरण्याआधीची कामं

जुन्या नाशकातला वाडा बिल्डरकडे जायचा असतो, आजोबांचं कपाट रिकामं करायचं असतं, किंवा फ्लॅटमध्ये आता जागाच उरलेली नसते. अशा वेळी घरच्यांना वाचनालय आठवतं. मग गोण्या रिक्षात घालून टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या उपनगरातल्या वाचनालयात आणून टाकायच्या, आणि चार महिन्यांनी "एवढी पुस्तकं दिली, त्यांनी साधी लावलीसुद्धा नाहीत" म्हणून कुरकुर करायची, असं सर्रास चालतं. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. लोक आधी बांधतात, मग नेतात, मग विचारतात, आणि निवडीचं काम वाचनालयावर सोडून देतात.

वाचनालयात पुस्तक आलं की लगेच मांडणीत लागत नाही. त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, दाखल क्रमांक पडतो, शिक्के बसतात, विषयवार वर्गीकरण होतं, संगणकात किंवा कार्डावर माहिती चढते, पाठीवर लेबल लागतं आणि बहुधा कव्हरही घालावं लागतं. हे सगळं करायला माणसं मोजकीच असतात. शिवाय एकदा दाखल झालेलं पुस्तक मनात आलं म्हणून काढून टाकता येत नाही. अनुदानित वाचनालयात त्यासाठी निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याची, रीतसर प्रक्रिया करावी लागते. त्यामुळे कोणी वाचणार नाही असं पुस्तक तुम्ही दिलंत, तर ते वर्षानुवर्षं दुसऱ्या पुस्तकाची जागा अडवून बसतं.

## टप्पा १: रिकाम्या हाताने जाऊन या

पहिल्या फेरीत एकही पुस्तक न्यायचं नाही. कपाटांचे मोबाइलवर फोटो काढा आणि सभासदांची गर्दी नसेल अशा वेळी जा. देवघेव खिडकीवरच्या माणसाशी नाही, ग्रंथपालांशी बोला. खिडकीवरचा माणूस भिडेखातर "आणा ना" म्हणतो, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एवढं विचारा: कोणत्या विषयांची पुस्तकं हवी आहेत? दिवाळी अंक आणि मासिकांचे बांधीव खंड घेता का? इंग्रजी पुस्तकं चालतील का? बालविभागाला काय कमी पडतंय? आणि नको असलेली पुस्तकं परत करता, पुढे कुणाला देता की रद्दीत घालता? शेवटचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. तो आत्ताच विचारलात तर पुढचा मनस्ताप टळतो.

कुठे जायचं, हे पुस्तकांवर ठरतं. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या 'सावाना'त, गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती बहुधा आधीच असतात. तुमच्या घरची आणखी एक प्रत तिथे भर घालेलच असं नाही. तिथे विचारायचं ते दुर्मीळ, संदर्भाच्या आणि नाशिकविषयीच्या साहित्याबद्दल. सिडको, सातपूर, नाशिकरोडकडची लहान वाचनालयं किंवा तालुक्यातलं गाववाचनालय असेल तर गणित उलटं होतं. तिथे चांगल्या स्थितीतली लोकप्रिय पुस्तकं हातोहात खपतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ड या सगळ्यांत खालच्या वर्गातल्या वाचनालयाला नवी खरेदी करताना हात आखडता घ्यावा लागतो, म्हणून मुलांची धड पुस्तकं द्यायची असतील तर मी आधी तिकडेच चौकशी करेन. जिल्ह्यातली अशी वाचनालयं कुठे आहेत, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात कळतं.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात. ती पेटी मुख्यतः देणगीच्या पैशांतून, निवडून घेतलेल्या पुस्तकांनी भरलेली असते. जुनी पुस्तकं घेऊन परस्पर तिथे जाऊ नका, आधी विचारा.

## टप्पा २: घरातली संमती घ्या आणि प्रत्येक पुस्तक उघडा

पुस्तकं वडिलांची असतील आणि भावंडं तिघं असतील, तर तिघांनाही विचारा. "बाबांची ज्ञानेश्वरी कुठे गेली?" हा प्रश्न पुस्तकं देऊन झाल्यावरच उपटतो. एक आठवडा कपाट उघडं ठेवा आणि ज्याला जे हवं ते त्याला काढून घेऊ द्या.

मग प्रत्येक पुस्तक पाठीला धरून, पानं खाली करून, हलकेच झटका. पत्रं, फोटो, नोटा, पोस्टाच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, पत्रिका असं काहीही पडतं. जुन्या घरांत लग्नाच्या याद्या आणि दवाखान्याचे कागद तर हमखास. हे सगळं एका वेगळ्या पाकिटात ठेवा. अर्पणपत्रिका किंवा भेट दिल्याचा मजकूर असलेलं पान फाडू नका. तो मजकूर खासगी वाटत असेल तर ते पुस्तक घरीच ठेवा.

तपासा: कपाटामागे पडलेली आणि पोटमाळ्यावरच्या ट्रंकेतली पुस्तकंही बाहेर निघाली का? दुसऱ्या खेपेला सापडलेली पुस्तकं यादीत कधीच येत नाहीत.

## टप्पा ३: ढीग करा

जमिनीवर चादर अंथरून चार ढीग करा: वाचनालयाला देण्याजोगी, जुनी किंवा स्थानिक महत्त्वाची, शाळांना देण्याजोगी आणि रद्दीची. लेखकवार, विषयवार लावत बसू नका. ते काम वाचनालय आपल्या पद्धतीने करतं.

सगळ्यांत जास्त गफलत होते ती कालबाह्य पुस्तकांत. पुस्तक कोरं करकरीत दिसतं म्हणून ते उपयोगी ठरत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, त्यामुळे त्याआधीची विक्रीकराची मार्गदर्शकं सामान्य वाचकाच्या कामाची नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने खटले अजून जुन्या कलमांवर चालतात, त्यामुळे एखाद्या वकिलाला ती पुस्तकं लागतील. पण अभ्यासिकेतल्या परीक्षार्थ्याच्या हाती ती पडली तर तो चुकीची कलमं पाठ करेल. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे त्याआधीचे मुख्य परीक्षेचे वस्तुनिष्ठ प्रश्नसंच गेले. संगणकाची पुस्तकं, करिअर मार्गदर्शकं आणि जुने शालेय अभ्यासक्रम यांनाही हाच नियम लावा.

इंग्रजी ज्ञानकोशाचे जाडजूड खंड हे फार दुखरं प्रकरण आहे. हप्त्यांवर घेतलेले, काचेच्या कपाटात मिरवलेले हे खंड आज फारसं कुणी घेत नाही. विचारून पाहा, नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. संच असेल तर पूर्णच द्या. तीन खंडांतले दोनच हाती लागले असतील तर तसं आधीच सांगा.

दिवाळी अंकांबाबत सुटे अलीकडचे अंक आणि बांधीव जुने खंड यांत फरक करा. गेल्या दोन-तीन वर्षांचे सुटे अंक लहान वाचनालयात आनंदाने घेतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे अंक, त्यातही एखाद्या मासिकाची सलग वर्षं असतील, तर ती पुढच्या टप्प्यात जातात.

सावध: पुठ्ठा निघालेला, पानं सुटलेली किंवा पहिलं पान गायब असलेलं पुस्तक "ते बाइंडिंग करून घेतील" म्हणून चांगल्या ढिगात घालू नका. बांधणीचा खर्च बऱ्याचदा नव्या प्रतीच्या किमतीच्या आसपास जातो. पुस्तक दुर्मीळ असेल तरच हा अपवाद.

## टप्पा ४: पोथ्या, मोडी कागद आणि नाशिकचं स्थानिक साहित्य

इथे घाई करू नका. नाशिकची घरं या बाबतीत श्रीमंत आहेत, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही इथेच होतं. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या उपाध्यायांच्या घरांत लाल बासनात बांधलेल्या पोथ्या असतात. "देवाचं आहे, गोदेत सोडू" म्हणून त्या पाण्यात जातात, नाहीतर रद्दीबरोबर निघतात.

आधी पोथी हाताने लिहिलेली आहे की छापील, ते पाहा. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेली पोथी पहिल्या नजरेला हस्तलिखितासारखीच दिसते. शेवटचं पान पाहा, छापील असेल तर तिथे बहुधा छापखान्याचं नाव आणि साल सापडतं. हस्तलिखितात शाईचा रंग कमीजास्त होत जातो, समासात दुरुस्त्या असतात, हरताळ (पिवळा रंग) लावून खोडलेली अक्षरं दिसतात, आणि शेवटी कधी लेखनिकाचं नाव व शक लिहिलेला असतो. दोन्ही जपायची, पण हस्तलिखित देवघेवीच्या वाचनालयात पुस्तकांच्या खोक्यातून जाता कामा नये.

करायचं ते एवढंच: हात धुऊन, कोरडे करून, पानांचा क्रम न बदलता, उजेडात प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पानांवर पेनाने आकडे घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटलेली पानं तशीच कोऱ्या कागदात ठेवा. मूळ बासन धुऊ नका. पोथी पुन्हा त्यातच किंवा स्वच्छ सुती कापडात बांधा.

कुणाला द्यायची? सावानाचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे आधी विचारा. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मधली भांडारकर प्राच्यविद्या संस्था हे पर्यायही आहेत. मोडी कागदांसाठी मंडळ, संस्कृत पोथ्यांसाठी भांडारकर, असा माझा ढोबळ कौल.

सावध: मोडी कागद वाचून घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. त्यात सनद, खरेदीखत किंवा वाटणीपत्र असू शकतं. वाचून घेतल्यावर जमिनीशी संबंधित निघालेला कागद घरी ठेवा आणि संस्थेला त्याची प्रत द्या.

सावध: ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. अमेरिकेतल्या पुतण्याला आठवण म्हणून अशी पोथी सामानात घालून द्यायची नाही.

दुसरा खजिना म्हणजे कागदपत्रांचा, ज्याला कुणी पुस्तक मानत नाही. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळची पत्रकं, सिंहस्थाच्या माहितीपुस्तिका, १९४२ आणि २००५ मध्ये नाशकात भरलेल्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक, व्यायामशाळांचे अहवाल, नाट्यस्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिका. कादंबरीची दुसरी प्रत कुठेतरी सापडते, गल्लीतल्या गणेश मंडळाचा जुना जमाखर्च मात्र दुसरीकडे कुठे मिळणार नाही. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर किंवा १९७५ ची सुधारित आवृत्ती असेल तर तीही याच ढिगात ठेवा.

## टप्पा ५: कीड आणि बुरशी

वाळवी लागलेलं एक पुस्तक वाचनालयाचं अख्खं लाकडी कपाट धोक्यात आणतं. म्हणून हा टप्पा टाळला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक पुस्तक पांढऱ्या कागदावर टकटक आपटा. बारीक भुसा पडला, तर तो झटकून पुस्तक त्याच कागदावर दोन दिवस ठेवा. पुन्हा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. मातीचे पापुद्रे किंवा माग दिसले तर ती वाळवी. असं पुस्तक लगेच बाकीच्यांपासून दूर करा.

किडीवर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे फ्रीझर. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांपर्यंत जाणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर बाष्प धरतं. पोथ्या, फोटो आणि कातडी बांधणीच्या पुस्तकांवर हा प्रयोग करू नका.

बुरशी आली असेल तर मास्क लावा, गच्चीत किंवा गॅलरीत सावलीत, वाऱ्यावर पुस्तक उभं उघडून वाळवा, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच मऊ ब्रशने झाडा. ओलसर बुरशी पुसली की ती पानभर पसरते. भर उन्हात दिवसभर ठेवलं तर कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. गोदेच्या पुराचं पाणी लागून एकदा वाळलेली पुस्तकं दिसायला बरी वाटतात, पण पानांत गाळ आणि बुरशी राहते. ती देऊ नका.

झुरळांचा फवारा पुस्तकांवर मारू नका, खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास महिनोन्महिने जात नाही आणि तो श्वासालाही वाईट.

## टप्पा ६: यादी करा

यादी हाच सगळ्या देणगीचा कणा आहे. वहीत किंवा मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये करा. रकाने: अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष व आवृत्ती, भाषा, स्थिती.

वर्ष मुखपृष्ठावर शोधू नका, आतल्या पानावर पाहा. पुनर्मुद्रणाचं आणि पहिल्या आवृत्तीचं अशी दोन्ही सालं असतील तर दोन्ही लिहा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही हवं. स्थितीच्या रकान्यात "चांगली" एवढंच लिहून भागत नाही. "पाठ सैल, पानं पूर्ण" किंवा "शेवटची चार पानं नाहीत" असं लिहा.

हमखास दिसणारी चूक म्हणजे यादीच्या शेवटी "इतर किरकोळ पुस्तके ५०". त्या पन्नासांसाठी ग्रंथपालांना पुन्हा तुमच्या घरी यावं लागतं, किंवा सगळीच यादी बाजूला पडते. लिहायला खरंच वेळ नसेल तर लहान पुस्तकांच्या पाठींचे, नावं वाचता येतील असे फोटो यादीला जोडा.

## टप्पा ७: होकार मिळवा, अटी घालू नका

यादी पाठवून पंधरवडाभर थांबा. होकार तोंडी नको, खुणा केलेली यादी परत घ्या. ज्यांच्यावर खूण नाही ती पुस्तकं गुपचूप खोक्यात सरकवायची नाहीत.

"आमच्या वडिलांच्या नावाने वेगळं कपाट हवं," "संग्रह फोडायचा नाही," "पुस्तकं बाहेर द्यायची नाहीत" या तीन अटींवर कित्येक चांगल्या देणग्या अडतात. माझं मत स्पष्ट आहे. पुस्तकं विषयवार विखुरली तरच वाचकाच्या हाती लागतात, वेगळ्या कुलूपबंद कपाटात ती नुसती मिरवतात. नाव हवंच असेल तर आतल्या पानावर "अमुक यांच्या संग्रहातून" अशी छोटी चिठ्ठी लावण्याची विनंती करा आणि चिठ्ठ्या छापून स्वतःच द्या. अपवाद फक्त एखाद्या विषयावर आयुष्यभर जमवलेल्या अभ्यासकाच्या संग्रहाचा. तो एकत्र राहण्यातच त्याचं मोल असतं, आणि ते ग्रंथपालांना समजावून सांगता येतं.

## टप्पा ८: खोकी आणि वाहतूक

जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. घर रिकामं करायची तारीख पावसाळ्यातच आली, तर पुस्तकं नातेवाइकाकडे कोरड्या खोलीत ठेवा.

गोणी नको. गोणीत पुठ्ठे वाकतात, कोपरे मोडतात. झेरॉक्सच्या दुकानातली कागदाच्या रिमांची खोकी मापाची असतात. वाइनच्या बाटल्यांची खोकीही दणकट असतात आणि आपल्या गावात त्यांना तोटा नाही. एक खोकं एका माणसाला सहज उचलता यावं, म्हणजे बारा-पंधरा किलोच्या वर नको. मोठी पुस्तकं तळाला आडवी, बाकीची पाठ खाली करून उभी. खोक्यावर यादीतले अनुक्रमांक लिहा: "१ ते ३८", "३९ ते ७१".

शालिमार आणि टिळक पथाच्या बाजूला दुपारनंतर छोटा हत्तीसुद्धा दोन मिनिटं उभा करता येत नाही. सकाळची वेळ आधी ठरवून घ्या, खोकी कोणत्या मजल्यावर न्यायची ते विचारा आणि उचलायला माणूस सोबत न्या. ती जबाबदारी वाचनालयाच्या सेवकांची नाही.

## टप्पा ९: पोच घ्या

यादीच्या दोन प्रती न्या. एकीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन परत आणा. पुस्तकं विनाअट दिली आहेत आणि नको असलेली वाचनालयाने पुढे द्यायला हरकत नाही, अशा दोन ओळी देणगीपत्रात लिहा. त्याने त्यांचे हात मोकळे होतात.

प्राप्तिकरातली देणगीची सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूंना नाही. पुस्तकांची किंमत लावून पावती मागू नका. शक्य असेल तर कव्हर आणि बांधणीसाठी थोडी रक्कम सोबत द्या, पण रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर त्यावरही सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन द्या.

महिन्याभरात "लावली का पुस्तकं?" म्हणून फोन करू नका. नोंदी व्हायला वेळ लागतो.

## टप्पा १०: उरलेल्यांची वाट

मुलांची गोष्टीची पुस्तकं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या शाळांना देता येतात, तेही मुख्याध्यापकांशी बोलून आणि मुलांना वाचता येईल अशीच. जुनी गाइडं तिकडे पाठवणं म्हणजे आपली रद्दी दुसऱ्याच्या दारात टाकणं. चालू अभ्यासक्रमाची कॉलेजची पुस्तकं त्या त्या विभागाच्या ग्रंथालयात किंवा थेट विद्यार्थ्यांना द्या.

बाकीची रद्दीत जाऊ द्यात, त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त नाव, पत्ता, फोन नंबर लिहिलेली पानं आधी काढा, प्लॅस्टिकची कव्हरं उतरवा, आणि वाळवीची पुस्तकं वेगळ्या पिशवीत बांधून रद्दीवाल्याला तसं सांगूनच द्या.